आळंदची गाडी : एका सरहद्दीच्या रस्त्याचा इतिहास

आळंद हे नाव उच्चारले की बहुतेक मराठी वाचकांच्या डोळ्यांपुढे इंद्रायणीकाठची आळंदी उभी राहते. ह्या लेखातील आळंद त्याहून निराळे. जुन्या गुलबर्गा, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्याच्या वायव्य टोकास, जिल्ह्याच्या ठाण्यापासून सुमारे चाळीस किलोमीटरांवर हे तालुक्याचे गाव वसले आहे. त्याच्या पश्चिमेस अक्कलकोट, उत्तरेस उमरगा, ईशान्येस बसवकल्याण आणि दक्षिणेस श्रीक्षेत्र गाणगापूर. तालुक्यातून वाहणारी अमरजा नदी पुढे गाणगापुरास भीमेला मिळते, आणि त्या संगमावर स्नान करून दत्तभक्त मठाकडे वळतात. पाणी ज्या दिशेने जाते त्याच दिशेने ह्या मुलखातील माणूसही शतकानुशतके गेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

ह्या मुलखाची ओळख भाषेने करून देऊ पाहणारा मनुष्य लवकरच गोंधळात पडतो. आळंदहून कलबुर्गीस जाताना वाटेत कडगंची लागते. श्रीनृसिंहसरस्वतींचे शिष्य सायंदेव ह्यांचे हे गाव, आणि त्यांच्याच वंशातील सरस्वती गंगाधर ह्यांनी गुरुचरित्र रचले, अशी संप्रदायाची परंपरा आहे. कानडी मुलखातील ह्या पुरुषाने मराठीत रचलेला ग्रंथ आज रत्नागिरीपासून गोव्यापर्यंत आणि गोव्यापासून कारवार-मंगळुरापर्यंत सारस्वत घरांतून सप्ताहपद्धतीने वाचला जातो. त्याच कडगंचीच्या परिसरात २००९ साली कर्नाटकाचे केंद्रीय विद्यापीठ स्थापन झाले. म्हणजे यात्रेकरू आणि विद्यार्थी हे दोघेही एकाच रस्त्यावर गाडीची वाट पाहत उभे राहतात. त्या गाडीचा, आणि ती ज्या पैशावर चालली त्या पैशाचा, हा इतिहास आहे.

आगगाडीने आळंदला वगळले. ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची लोहमार्गाची वाट सोलापुराहून रायचुराकडे नेण्यात आली आणि १८७१ साली ती मद्रासेकडील मार्गास जोडली गेली. ती अक्कलकोट रोड, दुधनी, गाणगापूर रोड, गुलबर्गा अशी दक्षिणेकडून गेली. आळंद तिच्यापासून दूर राहिले, ते आजतागायत. बिदर-कलबुर्गी लोहमार्ग २०१७ च्या ऑक्टोबरात पुरा झाला, परंतु तोही हुमनाबाद-कमलापूर असा पूर्वेकडून गेला. ह्यामुळे आळंद तालुक्यास बाहेरच्या जगाशी जोडणारे साधन म्हणजे रस्ता, आणि रस्त्यावरची सार्वजनिक गाडी एवढेच राहिले. ज्या गावास स्टेशन आहे त्याची गाडी बंद झाली तर गैरसोय होते. ज्या गावास स्टेशन नाही त्याची गाडी बंद झाली तर गावच बंद होते.

दुसरी एक गोष्ट आरंभीच ध्यानात घेतली पाहिजे. आळंदला दोन सरहद्दी आहेत आणि त्यांचे वय सारखे नाही. पश्चिमेकडील सरहद्द जुनी. निजामाच्या राज्यात आळंद हा पायगा जहागिरीचा तालुका होता, तर पलीकडे अक्कलकोटचे संस्थान आणि इंग्रजांचा सोलापूर जिल्हा. तेथे करोडगिरीचा नाका होता. एका बाजूस हाली शिक्का रुपया चाले, दुसऱ्या बाजूस कलदार. सात हाली रुपयांना सहा कलदार हा ढोबळ हिशेब बाजारातल्या माणसांच्या तोंडी असे. उत्तरेकडील सरहद्द मात्र आमच्याच काळात जन्मली. उमरगा हे उस्मानाबाद जिल्ह्यातले, आळंद गुलबर्गा जिल्ह्यातले, परंतु १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत ही दोन्ही गावे एकाच हैदराबाद राज्याची होती. त्यांच्यामधल्या रस्त्यावर कोणाला नाका माहीत नव्हता.

सरकारी मोटारगाडीचा इतिहास ह्या भागात बराच जुना आहे. निजामाने १९३० साली रेल्वे कंपनीकडून आपल्या ताब्यात घेतली, आणि १९३२ च्या जूनमध्ये त्याच रेल्वेच्या एका शाखेने प्रवासी मोटारी सुरू केल्या. आरंभी गाड्या २७ आणि नोकर १६६. हिंदुस्थानात सरकारने प्रवासी मोटारवाहतूक आपल्या हाती घेतल्याचे हे पहिले मोठे उदाहरण म्हणून सांगितले जाते. त्या वेळी ब्रिटिश मुलखात रेल्वे आणि मोटार ह्यांच्यात स्पर्धा पेटली होती. रेल्वेचे उत्पन्न मोटारी खाऊन टाकतात, ही तक्रार एवढी वाढली की तिच्या चौकशीसाठी मिचेल आणि कर्कनेस ह्या दोन अधिकाऱ्यांची नेमणूक झाली व १९३३ साली त्यांचा अहवाल निघाला. निजामाच्या राज्यात तो प्रश्न वेगळ्या रीतीने सुटला. ज्याची रेल्वे त्याचीच मोटार. मोटारीने खेड्यातला उतारू स्टेशनावर आणून सोडावा आणि रेल्वेने त्याला पुढे न्यावे, अशी ही योजना होती. ह्यात मोटारीला एखाद्या आडवाटेवर नुकसान आले तरी ते त्याच खात्याच्या मोठ्या पोटात जिरे. खेड्याची गाडी स्वतःच्या तिकिटावर जगली पाहिजे, हा विचार त्या व्यवस्थेत नव्हता.

ह्याचा एक दूरगामी परिणाम झाला, तो आमच्या कोकणी वाचकांस विशेष जाणवेल. मंगळूर-उडुपीकडे प्रवासी मोटारवाहतूक खाजगी कंपन्यांनी वाढविली. कॅनरा पब्लिक कन्व्हेयन्स कंपनीचे नाव त्या भागात अजून आठवणीत आहे, आणि आजही तेथे खाजगी बसगाड्यांचेच प्राबल्य आहे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत लोक ज्या गाडीला ‘कार्रेर’ म्हणत ती खाजगी मालकाचीच असे. सरकारी कदंब महामंडळ तेथे १९८० साली आले. किनाऱ्यावर सरकारी गाडी मागे हटली तर दुसरी कोणती तरी गाडी पुढे येते. आळंदकडे तसे नव्हते. राजाच्या मोटारीचा एकाधिकार तेथे आरंभापासून होता, तो पुढे लोकशाही सरकारांनी चालू ठेवला, आणि खाजगी गाडीचा व्यवसाय त्या मातीत रुजलाच नाही. म्हणून सरकारी फेरी बंद झाली की तिच्या जागी उरते ती टमटम किंवा क्रूझर, उमरग्याच्या बाजूस काळी-पिवळी. तिला वेळापत्रक नाही, सवलत नाही, आणि माणसे भरल्याखेरीज ती हलत नाही.

१९४८ हे साल ह्या कथेत मोठे महत्त्वाचे. १ जून रोजी मुंबई राज्याच्या एसटीची पहिली गाडी पुण्याहून अहमदनगरला गेली. १२ सप्टेंबर रोजी म्हैसूर सरकारच्या मोटार खात्याने १२० गाड्यांनिशी काम सुरू केले. आणि १७ सप्टेंबर रोजी हैदराबादचे राज्य भारतात विलीन झाले. म्हणजे आज आळंदच्या रस्त्यावर ज्यांचा वारसा भेटतो ती तीनही खाती त्या एका वर्षाच्या उंबरठ्यावर एकत्र दिसतात. हैदराबादचे मोटार खाते १९५१ साली रेल्वेपासून वेगळे होऊन राज्य सरकारकडे आले. मोटारीची रेल्वेच्या पोटाशी असलेली नाळ अशी तुटली. परंतु राज्य अजून एक होते. गुलबर्ग्याच्या जनतेने १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत स्वामी रामानंद तीर्थांना लोकसभेवर पाठविले, ह्यावरून त्या राज्यातील कानडी आणि मराठी माणसांचे परस्पर नाते कसे होते ह्याची कल्पना यावी.

१९५६ च्या राज्यपुनर्रचनेने हैदराबादचे तीन तुकडे झाले. मराठवाड्याचे पाच जिल्हे मुंबई राज्यात गेले. गुलबर्गा, रायचूर आणि बिदर ही म्हैसूर राज्यात गेली, तीही अखंड नव्हे. बिदर जिल्ह्यातील अहमदपूर, निलंगा आणि उदगीर हे तालुके मुंबईकडे आले, गुलबर्ग्याचे कोडंगल आणि तांडूर आंध्रात गेले. जमीन वाटली गेली तशा गाड्याही वाटल्या गेल्या. आगारे, कारखाने, चालक, वाहक ह्यांची वाटणी झाली. मराठवाड्याचा वाटा मुंबई राज्य मार्ग परिवहन महामंडळाकडे आला, गुलबर्ग्याचा वाटा म्हैसूरच्या खात्याकडे. त्या खात्याचे १९६१ साली महामंडळ झाले आणि १९७३ साली राज्याबरोबर त्याचेही नाव पालटून ते कर्नाटकाचे झाले. भाषावार प्रांतरचनेविषयी आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे, परंतु ह्या मोटारींच्या वाटणीकडे इतिहासकारांचे लक्ष फारसे गेलेले दिसत नाही. वास्तविक खेड्यातल्या माणसास राज्य पालटल्याचा पहिला अनुभव तहसील कचेरीत आला तितकाच मोटारस्टँडावर आला. पाटीवरची अक्षरे पालटली, आणि पूर्वी जेथे गाडी नुसती थांबत असे तेथे आता एका खात्याची गाडी संपू लागली.

दोन राज्यांमधील गाड्यांचा व्यवहार मोटार वाहन कायद्यान्वये परस्पर कराराने ठरतो. तुमच्या गाड्यांनी आमच्या हद्दीत इतके किलोमीटर जावे, आमच्या गाड्यांनी तुमच्या हद्दीत तितकेच. ही बरोबरी न्याय्य आहे, परंतु तिचा एक परिणाम असा की मोजके किलोमीटर दोन्ही खाती आपापल्या मोठ्या, कमाईच्या मार्गांवर खर्च करतात. सोलापूर-कलबुर्गी, उमरगा-कलबुर्गी अशा गाड्या करारात सहज बसतात. हद्दीच्या अलीकडच्या खेड्यातून पलीकडच्या खेड्यात, आठ-दहा मैलांवर, बाजाराला किंवा सोयरिकीला जाणाऱ्यासाठी किलोमीटर कोण खर्च करणार? दोन्ही महामंडळांच्या हिशेबात तो मार्ग म्हणजे शेपूट. अलीकडच्या आगाराला ते गाव शेवटचे, पलीकडच्या आगारालाही ते शेवटचेच.

येथे पैशाच्या प्रश्नाकडे वळावे लागेल. १९५० च्या मार्ग परिवहन महामंडळ कायद्यात दोन कलमे आहेत, त्यांकडे वाचकांनी लक्ष द्यावे अशी विनंती आहे. अठराव्या कलमाने महामंडळावर असे कर्तव्य घातले की त्याने कार्यक्षम, पुरेशी, काटकसरीची आणि सुसंघटित अशी वाहतुकीची सेवा पुरवावी. बाविसाव्या कलमाने असे तत्त्व घातले की महामंडळाने आपला कारभार धंद्याच्या तत्त्वांवर चालवावा. ‘पुरेशी’ हा शब्द एका कलमात आणि ‘धंदा’ हा शब्द दुसऱ्यात. कायदा करणाऱ्यांनी ही दोन कलमे एकत्र नांदतील असे गृहीत धरले, आणि काही काळ ती नांदलीही. ह्याचे कारण असे की लांब पल्ल्याच्या व यात्रेच्या गाड्या जे मिळवीत ते खेड्याच्या गाड्या खर्चीत, आणि भांडवल केंद्र व राज्य ही दोन्ही सरकारे घालीत. इतकेच नव्हे, तर तिसाव्या कलमात सर्व तरतुदी करून उरलेला नफा रस्त्यांच्या सुधारणेसाठी राज्य सरकारला द्यावा अशी योजना होती. नफा उरेल ह्याविषयी त्या पिढीला शंका नव्हती, हे आज वाचताना थोडी मौज वाटते.

देवस्थानाचा कारभार पाहिलेल्या वाचकांस ही व्यवस्था समजावून सांगण्याची गरज नाही. गाभाऱ्यातील नंदादीप स्वतः काही मिळवीत नाही. त्याच्या तेलासाठी कोणा पूर्वजाने जमीन लावून दिलेली असते, किंवा सरकारातून वर्षासन येत असते. इनामे खालसा झाली आणि वर्षासन वेळेवर येईनासे झाले म्हणजे काय होते, हे लहान गावांतील पुजाऱ्यांना पुरते ठाऊक आहे. दीप एकदम विझत नाही. आधी वात बारीक होते. खेड्याच्या गाडीचे अगदी असेच झाले.

साठ-सत्तरच्या दशकांत मात्र वात मोठी होती. महाराष्ट्राच्या बाजूस ‘गाव तेथे एसटी’ हे वाक्य नुसते घोषवाक्य राहिले नाही, ते बऱ्याच अंशी खरे करून दाखविण्यात आले. कर्नाटकाच्या बाजूसही आळंदला स्वतंत्र आगार झाले. ह्या काळाचे सर्वांत बोलके चिन्ह म्हणजे मुक्कामी गाडी. संध्याकाळी शेवटच्या गावी जाऊन ती रात्र तेथेच काढी. चालक-वाहक देवळात, धर्मशाळेत किंवा शाळेच्या ओसरीत पथारी टाकीत, आणि पहाटे तीच गाडी विद्यार्थी, दुधाचे कॅन, दवाखान्याचे रोगी आणि कोर्टाच्या तारखेला निघालेले पक्षकार घेऊन तालुक्याला परते. टपालाची थैली तिच्यातून येई, वर्तमानपत्राचा गठ्ठाही येई, एक दिवस शिळा का होईना. गावात मुक्कामाची गाडी येते ही सोयरीक जमविताना सांगण्यासारखी गोष्ट होती. मुलीला माहेरी येण्याजाण्याची सोय आहे, एवढा त्याचा अर्थ होता.

यात्रेने ह्या व्यवस्थेला मोठा आधार दिला. माघी पौर्णिमा, दत्तजयंती व दर पौर्णिमेस गाणगापूर, आश्विनात तुळजापूर, बाराही महिने अक्कलकोट, आषाढी-कार्तिकीस पंढरपूर. ह्या चार क्षेत्रांच्या मध्ये आळंदचा तालुका पडतो. आश्विन पौर्णिमेच्या सुमारास कलबुर्गीकडील कानडी भाविक अंबाबाईचा जयघोष करीत पायी तुळजापूरला निघतात आणि परतताना गाडीने येतात. गोव्याकडून, कारवाराकडून येणारे दत्तभक्त गाणगापूर रोड स्टेशनावर उतरून पुढची मजल मोटारीनेच करतात. जादा गाड्या सोडल्या की त्या भरून जातात. अशा रीतीने पौर्णिमेला निघालेल्या यात्रेकरूच्या तिकिटातला काही भाग प्रतिपदेपासून शाळेत जाणाऱ्या मुलीच्या पासाला उपयोगी पडत असे. हे दान कोणी संकल्प सोडून केलेले नव्हते. तरी ते घडत होते.

नव्वदीच्या दशकात पहिला ओघ आटला. राज्य महामंडळांच्या भांडवलात केंद्र सरकार आपला हिस्सा घालीत असे, तो थांबला. नव्या गाड्या कर्ज काढून घ्याव्या लागल्या, आणि कर्जावरचे व्याज तिकिटात शिरले. त्यानंतर कर्नाटकाने आपल्या एका महामंडळाची चार केली. बेंगळूर शहराचे व वायव्य कर्नाटकाचे १९९७ साली वेगळे झाले, आणि २००० साली ईशान्य कर्नाटकाचे महामंडळ कलबुर्गी येथे स्थापन झाले. २०२१ पासून ते कल्याण कर्नाटकाचे महामंडळ ह्या नावाने ओळखले जाते. ह्या विभागणीचा लाभ निश्चित झाला. पूर्वी आळंदच्या फेरीचा निर्णय बेंगळुरात होई, तो आता चाळीस किलोमीटरांवर होऊ लागला. परंतु दुसऱ्या बाजूने पाहता, श्रीमंत दक्षिणेच्या मार्गांचे उत्पन्न आणि गरीब उत्तरेच्या मार्गांचे नुकसान ही आता एका वहीत येईनाशी झाली. एकत्र कुटुंब विभक्त झाले की धाकट्या भावाला घराचा हक्क मिळतो आणि त्याच दिवसापासून दुष्काळही स्वतःच्याच वाट्याला येतो. ज्या विभागाला पुढे राज्यघटनेच्या ३७१-जे कलमाने मागास म्हणून खास तरतुदी द्याव्या लागल्या, त्याच विभागाच्या मोटारींनी धंद्याच्या तत्त्वांवर आपल्या पायांवर उभे राहावे, ही अपेक्षा मला तरी विसंगत वाटते.

दुसरा घाव डिझेलचा. १७ जानेवारी २०१३ रोजी केंद्र सरकारने असा निर्णय केला की घाऊक प्रमाणात डिझेल घेणाऱ्यांना ह्यापुढे अनुदानित दर मिळणार नाही. घाऊक घेणारे म्हणजे रेल्वे, सैन्य, कारखाने आणि राज्यांची परिवहन महामंडळे. एका रात्रीत त्यांचा दर लिटरमागे नऊ-दहा रुपयांनी चढला, तर रस्त्यावरच्या पंपावर खाजगी मोटारवाल्याला तेच डिझेल पूर्वीच्या जवळपास दराने मिळत राहिले. मग महामंडळांच्या गाड्या आपल्याच आगारातील टाक्या सोडून बाहेरच्या पंपांवर रांगा लावू लागल्या. २०२२ च्या मार्चमध्ये पुन्हा तोच प्रकार घडला. त्या वेळी घाऊक आणि किरकोळ दरांतील तफावत लिटरमागे वीस रुपयांहून अधिक होती. गाव जितके दूर तितके डिझेल अधिक आणि उतारू कमी, हे सांगावयास नको.

तिसरे संकट महामारीचे. मार्च २०२० मध्ये दोन्ही राज्यांच्या गाड्या थांबल्या. पुढे २०२१ च्या आरंभी महाराष्ट्रातून येणाऱ्यांची तपासणी करण्यासाठी आळंद तालुक्यात खजुरी, हिरोळी येथे नाके उभे राहिले. उमरग्याच्या रस्त्यावर, जेथे १९५६ पूर्वी कधी नाका नव्हता, तेथे माणसे दाखला हातात धरून उभी राहिली. त्याच एप्रिलमध्ये कर्नाटकातील परिवहन कामगारांचा दोन आठवडे संप झाला, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून महाराष्ट्रातील एसटीचा जो संप सुरू झाला तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत चालला. वेतन वेळेवर मिळत नाही, महामंडळ सरकारात विलीन करा, ही त्या कामगारांची मागणी होती. संपापूर्वी अठरा हजारांच्या घरात असलेला महाराष्ट्राचा गाड्यांचा ताफा त्यानंतर पुष्कळच खाली आला. जुन्या गाड्या भंगारात निघाल्या, नव्या त्या वेगाने आल्या नाहीत. उरलेल्या गाड्या कोठे धावणार? ज्या मार्गांवर पैसा आहे तेथे.

खेड्याची फेरी कशी मरते ह्याचे वर्णन कोणत्याही अहवालात सापडत नाही, कारण बहुधा तिच्या मरणाची आज्ञाच निघत नाही. प्रथम मुक्काम जातो. रात्रीचा भत्ता वाचतो, गाडी आगारात राहते आणि दुसऱ्या दिवशी लवकर मोठ्या मार्गावर लावता येते. मुक्काम गेला की पहाटेची गाडी जाते, कारण गाडी आता तालुक्याहून रिकामी यावयास हवी. पहाटेची गाडी गेली की शाळेच्या वेळेला पोहोचता येत नाही, पास काढणारे विद्यार्थी कमी होतात, भारमान घसरते. मग घसरलेले भारमान पुढे करून दुपारचीही फेरी काढून घेतली जाते. मधल्या काळात ‘गाडी नादुरुस्त’, ‘चालक नाही’ अशी उत्तरे मिळतात, आणि ती खोटीही नसतात. कागदावर फेरी बरेच दिवस जिवंत असते. गावकऱ्यांना मात्र ती गेल्याचे कळलेले असते. मुलगे सायकलीने किंवा टमटमच्या मागच्या दांडीला लटकून जातात. मुली घरी बसतात. सरहद्दीवरच्या मराठी घरांतील ज्या मुलांना पुढील शिक्षण मराठीत घ्यावयाचे असेल त्यांना तर उमरगा किंवा अक्कलकोटच गाठावे लागते, आणि तेथे दोन खात्यांच्या वेळापत्रकांचा मेळ बसवावा लागतो. मराठी शाळेचे भवितव्य ह्या भागात पाठ्यपुस्तकाइतकेच मोटारीच्या वेळेवर अवलंबून आहे, ही गोष्ट भाषेच्या सभांतून क्वचितच बोलली जाते.

असा अनुभव आमच्याच देशाला आला असे नव्हे. इंग्लंडात १९६१ साली प्राध्यापक जॅक ह्यांच्या समितीने ग्रामीण बससेवेचा विचार करून असे मत दिले की ती तिकिटावर जगणार नाही, तिला सार्वजनिक निधीतून साहाय्य दिले पाहिजे. १९६८ च्या कायद्याने तशी तरतूद झाली. पुढे १९८६ साली तेथील बसवाहतूक, लंडन वगळता, खुली करण्यात आली आणि खेड्यांच्या फेऱ्या पुन्हा स्थानिक संस्थांच्या अनुदानावर येऊन पडल्या. २०१० नंतर ती अनुदाने कापली गेली तेव्हा आधी संध्याकाळच्या व रविवारच्या फेऱ्या गेल्या. आपल्याकडील मुक्कामाच्या गाडीचेच ते भाऊबंद.

अलीकडे दोन्ही सरकारांनी प्रवाशांना उदार सवलती दिल्या आहेत, हे न सांगणे अन्यायाचे होईल. महाराष्ट्रात ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तर वर्षांवरील वृद्धांना एसटीचा प्रवास विनामूल्य झाला, आणि १७ मार्च २०२३ पासून स्त्रियांना अर्धे तिकीट लागू झाले. कर्नाटकात ११ जून २०२३ पासून ‘शक्ती’ योजनेने राज्यातील स्त्रियांना साध्या व जलद गाड्यांतून विनामूल्य प्रवास मिळाला. देवदर्शनाला कधी घराबाहेर न पडलेल्या कितीतरी स्त्रिया गाणगापूरला जाऊन आल्या. परंतु सवलत तिकिटावर मिळते, गाडीवर नाही. सरकार तिकिटाची भरपाई महामंडळाला देते, आणि ती भरपाई अपुरी पडली वा उशिरा आली तर तेवढे दिवस महामंडळ उधारीवर चालते. २०२५ च्या जानेवारीत कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाला चार महामंडळांची थकलेली देणी भागविण्यासाठी २,००० कोटींच्या कर्जास मान्यता द्यावी लागली. त्याच महिन्यात कर्नाटकाचे तिकीट पंधरा टक्क्यांनी आणि महाराष्ट्राचे जवळजवळ तितक्याच टक्क्यांनी वाढले. महाराष्ट्राच्या महामंडळाचा साचलेला तोटा दहा हजार कोटींच्या वर गेल्याचे सरकारी श्वेतपत्रिकेनेच सांगितले आहे, आणि तेच महाराष्ट्र सरकार वर्षानुवर्षे एसटीच्या तिकिटावर साडेसतरा टक्के प्रवासी कर घेत आले आहे. एका हाताने वर्षासन द्यावे आणि दुसऱ्या हाताने दानपेटी उचलावी, असा हा कारभार. शिवाय ह्या सवलती आपापल्या राज्याच्या हद्दीपुरत्या. आळंदहून उमरग्याला माहेरी निघालेल्या स्त्रीचा प्रवास एकच असला तरी तिला तो हद्दीवर दोन तुकड्यांत मोडून मोजावा लागतो.

सरहद्दीचा राजकीय वाद ह्या रस्त्यावरून गेल्याखेरीज राहत नाही. महाजन आयोग १९६६ साली नेमला गेला, १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्यात अक्कलकोट कर्नाटकाला द्यावे असे सुचविले होते, ते झाले नाही. आळंद तालुक्यातील मराठी गावांवरील महाराष्ट्राचा दावाही न्यायालयात पडून आहे. २०२२ च्या अखेरीस वाद पुन्हा भडकला तेव्हा अक्कलकोट तालुक्यातील काही गावांनीच आम्हांस कर्नाटकात जाऊ द्या अशी भाषा केली. त्यांच्या तक्रारीत भाषेचा उल्लेख थोडा, रस्ते, पाणी व सोयींचा अधिक होता. त्याच डिसेंबरात, आणि पुन्हा २०२५ च्या फेब्रुवारीत बेळगावकडील वाहकाच्या प्रकरणानंतर, दोन्ही राज्यांमधील गाड्या काही दिवस थांबविण्यात आल्या. भांडण बेळगावचे असो की चित्रदुर्गाचे, त्याची झळ सरहद्दीवरच्या साऱ्या रस्त्यांना लागते. गाड्यांवर काळे फासले जाते, काचा फुटतात, आणि नुकसान पुन्हा त्याच गरीब वहीत लिहिले जाते.

गाणगापूरच्या पौर्णिमेला आजही जादा गाड्या सुटतात. कलबुर्गीहून, आळंदहून, सोलापूर-अक्कलकोटहून त्या भरून येतात, आणि त्या दिवसापुरते अमरजेकाठचे सारे रस्ते जुन्या हैदराबाद राज्यात असल्यासारखे जागे होतात. ह्या गाड्या कोठून आणल्या जातात हे सहसा कोणी विचारीत नाही. आगारात वेगळा ताफा राखून ठेवलेला नसतो. त्या दिवशी त्या खेड्याच्या फेऱ्यांवरून काढून यात्रेला लावलेल्या असतात. यात्रेकरूंच्या मंडळांनी आणि देवस्थानांच्या विश्वस्तांनी जादा गाड्यांचा अर्ज करताना त्या कोणत्या गावच्या आहेत आणि प्रतिपदेच्या पहाटे त्या गावी परत जाणार की नाहीत, एवढे आगारप्रमुखाला विचारण्यास हरकत नसावी.